इ-२९ : एका पाणबुडीचा सेवावृत्तांत
(जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूरसारख्या शहरात एका जपानी पाणबुडीवर व्याख्यान ठेवावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. येथून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो मैल दूर आहे. आपल्या परिचयाचे पाणी नर्मदेचे. परंतु ज्या पाणबुडीची हकीकत मी सांगणार आहे, तिच्यातून एके काळी जो प्रवासी गेला, त्याचा या शहराशी जवळचा संबंध होता. येथील मध्यवर्ती कारागृहाला आणि वैद्यकीय महाविद्यालयाला आज त्याचेच नाव आहे. जानेवारी १९३२ मध्ये सुभाषबाबूंना कल्याण स्टेशनावर गाडीतच अटक झाली. तेथून त्यांना सिवनीला व पुढे जबलपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. १९३३ च्या फेब्रुवारीत युरोपला जाण्यासाठी ते मुंबईच्या बंदरात बोटीवर चढले, तेही बंदिवानाच्याच अवस्थेत. पुढे १९३९ च्या मार्चमध्ये तिलवारा घाटाजवळ त्रिपुरीची काँग्रेस भरली. काँग्रेसचे ते बावन्नावे अधिवेशन, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती होते. निर्वाचित अध्यक्ष मात्र तापाने फणफणलेले असल्यामुळे मिरवणुकीत त्यांची तसबीर मिरवली गेली. त्या अधिवेशनाची आठवण म्हणून उभारलेल्या कमानिया दरवाजाखालून आपल्यापैकी अनेकजण रोज जात असतील.

सुभाषबाबूंच्या चरित्रात त्या पाणबुडीला दोन-चार वाक्ये मिळतात. जर्मनीहून ते एका पाणबुडीतून निघाले, भर समुद्रात दुसऱ्या पाणबुडीत गेले आणि आग्नेय आशियात पोहोचले, एवढेच आपण शाळेत वाचलेले असते. त्या दुसऱ्या पाणबुडीला स्वतःचा असा सेवाकाळ होता. तो जेमतेम अडीच वर्षांचा होता आणि त्यातील सुभाषबाबूंच्या प्रवासाचे दिवस फार तर दहा. उरलेल्या दिवसांत तिने काय केले, हे पाहू गेल्यास एक अशी घटना समोर येते की जिचा संबंध आपल्याच माणसांशी आहे आणि जी आपण जवळजवळ विसरून गेलो आहोत. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख मुख्यतः त्या घटनेवर राहील.

प्रथम पाणबुडीचे नाव. इंग्रजी पुस्तकांवरून आपण तिला 'आय-२९' म्हणतो आणि 'आय' हे इंग्रजी अक्षर आहे अशी आपली समजूत होते. ते मूळचे जपानी अक्षर 'इ' आहे. जपानी वर्णमालेच्या जुन्या क्रमात 'इ, रो, हा' ही पहिली तीन अक्षरे येतात, जशी आपल्याकडे 'क, ख, ग'. मोठ्या पाणबुड्यांना 'इ', मध्यम आकाराच्यांना 'रो' आणि लहानांना 'हा' अशी नावे देण्याचा जपानी आरमाराचा प्रघात होता. तेव्हा इ-२९ म्हणजे पहिल्या वर्गातील एकोणतिसाव्या क्रमांकाची पाणबुडी. मी तिला त्याच नावाने संबोधीन.

ती योकोसुका येथील आरमारी गोदीत बांधली गेली. सप्टेंबर १९४० मध्ये तिचे जलावतरण झाले आणि २७ फेब्रुवारी १९४२ रोजी ती आरमारात दाखल झाली. त्या वेळी सिंगापूर पडून पंधरवडाही झाला नव्हता. तिची लांबी सुमारे १०९ मीटर होती. पृष्ठभागावर तिचे विस्थापन सुमारे २,६०० टन आणि पाण्याखाली सुमारे ३,६५० टन. पुढच्या बाजूला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडण्याच्या सहा नळ्या होत्या व एका सफरीत सतरा पाणतीर नेता येत. डेकवर १४ सेंटिमीटर व्यासाची एक तोफ होती. शिवाय पंख काढून ठेवता येतील असे एक लहानसे जलविमान एका बंद कोठीत ठेवलेले असे. ते बाहेर काढून जोडावयाचे, झोत-यंत्राने आकाशात फेकावयाचे आणि परत आल्यावर यारीने उचलून घ्यावयाचे. पाणबुडीत विमान नेण्याची ही कल्पना इतर आरमारांनीही अजमावून पाहिली, परंतु जपानने ती जितक्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणली तितकी कोणीच आणली नाही.

तिच्या चालण्याची रीत थोडी समजावून घेतली पाहिजे, कारण पुढच्या सर्व घटना त्या रीतीशी बांधलेल्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळजण येथील कारखान्यांत काम करणारे आहेत. त्यांना हे सांगणे सोपे जाईल. डीझेल एंजिनाला हवा लागते. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तेथे डीझेल चालविता येत नाही. त्यामुळे पाणबुडीत दोन व्यवस्था असत. पृष्ठभागावर असताना डीझेल एंजिने चालत. ती पंखे फिरवीत आणि त्याच वेळी विजेच्या प्रचंड बॅटऱ्याही भरीत. पाण्याखाली गेल्यावर डीझेल बंद करून त्या साठविलेल्या विजेवर मोटारी चालवावयाच्या. इ-२९ ची डीझेल एंजिने मिळून १२,४०० अश्वशक्तीची होती आणि विजेच्या मोटारी केवळ २,००० अश्वशक्तीच्या. पृष्ठभागावर ती ताशी तेवीस-साडेतेवीस सागरी मैल जाई. पाण्याखाली तिचा कमाल वेग आठ सागरी मैल, आणि त्या वेगाने बॅटऱ्या फार लवकर संपत. ताशी तीन मैलांच्या वेगाने, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेल्यास, ९६ सागरी मैल जाता येई. बत्तीस तास झाले की वर येणे भाग. याउलट पृष्ठभागावर, बेताच्या वेगाने, ती एका खेपेच्या इंधनात १४,००० सागरी मैल जाऊ शके. मुंबईहून आफ्रिकेतील दर्बानला दोनदा जाऊन येण्यास थोडेसेच कमी पडावे, इतके हे अंतर आहे.

म्हणजे 'पाणबुडी' हा आपला शब्द या यंत्राला पूर्णपणे लागू पडत नाही. वस्तुतः ते पृष्ठभागावरूनच प्रवास करणारे जहाज होते. गरज पडली म्हणजे काही काळ बुडी मारण्याची सोय त्यात होती, इतकेच. सदैव पाण्याखाली राहणारी पाणबुडी पुढे अणुशक्ती आल्यावरच शक्य झाली.

इ-२९ ची पहिली कामगिरी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर झाली. मे १९४२ मध्ये जपानने सिडनी बंदरावर छोट्या पाणबुड्यांनी हल्ला करण्याचे योजिले. त्यापूर्वी बंदराची टेहळणी हवी होती. २३ मे रोजी इ-२९ चे जलविमान सिडनीवरून फिरून आले. बंदरात मोठी लढाऊ जहाजे आहेत, असे वृत्त त्याने आणले. ३१ मेच्या रात्री दुसऱ्या पाणबुड्यांनी आणलेल्या तीन छोट्या पाणबुड्या बंदरात शिरल्या. त्यांनी 'कुट्टाबुल' हे खलाशांच्या निवासाचे जहाज बुडविले आणि त्यात एकवीस नाविक मरण पावले. छोट्या पाणबुड्यांतील सहाही जपानी परत आले नाहीत.

तेथून तिला हिंदी महासागरात पाठविण्यात आले. मलायाच्या किनाऱ्यावरील पेनांग हे तेथील जपानी पाणबुड्यांचे ठाणे होते. मुंबई, कराची, एडन, मोंबासा, दर्बान यांच्यामधून जाणारी व्यापारी जहाजे हे त्यांचे भक्ष्य. सप्टेंबर १९४२ मध्ये अरबी समुद्रात व एडनच्या आखाताच्या तोंडाशी इ-२९ ने चार मालवाहू जहाजे बुडविली. २ तारखेला 'गॅझकॉन', ९ ला 'हेअर्सफील्ड', १६ ला 'ओशन ऑनर' आणि २२ ला अमेरिकन जहाज 'पॉल ल्यूकेनबाख'. जवळजवळ आठवड्याला एक, असा हा क्रम दिसतो.

या वेळी तिचे कप्तान होते कमांडर इझू जुइची. पाणबुडी आरमारात दाखल झाल्यापासून १९४३ च्या ऑक्टोबरपर्यंत तेच तिच्यावर होते. हे नाव ध्यानात ठेवावे.

आता मी त्या घटनेकडे येतो. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची 'तिलावा' नावाची दहा हजार टनी आगबोट होती. (आपल्या तिलवारा घाटाशी या नावाचे जे साम्य आहे ते निव्वळ योगायोगाचे.) १९२४ साली बांधलेली ही उतारूंची बोट. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्केस आणि दर्बानकडे निघाली. तिच्यावर ७३२ उतारू, २२२ खलाशी आणि चार तोफची मिळून ९५८ माणसे होती. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत गुजरातेतील पुष्कळ कुटुंबांनी तोपर्यंत दुकाने थाटली होती. कोणी आपल्या पतीकडे निघालेली स्त्री, कोणी सुट्टी संपवून परतणारा दुकानदार, कोणी मुलांना घेऊन चाललेली आई, असे हे उतारू असत. मुंबईहून सुटणाऱ्या अशा बोटींवरील खलाशी, सारंग, आगवाले, स्वयंपाकी आणि 'बटलर' हे बहुतेक हिंदी असत व त्यांत रत्नागिरी-कुलाब्याकडील आणि गोव्याकडील माणसांचा भरणा मोठा असे. बोटीबरोबर संरक्षक जहाज नव्हते. ती एकटीच चालली होती.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे नऊशे मैलांवर, पहिला पाणतीर तिच्यावर आदळला. उतारू झोपेत होते. अंधारात एकच गोंधळ उडाला. बचावाच्या होड्यांकडे लोकांनी धाव घेतली आणि त्या गर्दीतच काहींचा बळी गेला. मात्र बोट लागलीच बुडाली नाही. तारायंत्रावरून मदतीचा संदेश गेला. ती तरंगत आहे असे पाहून होड्या जवळपासच थांबल्या, काही जण पुन्हा बोटीवर जाऊ लागले. तेवढ्यात दुसरा पाणतीर आला. त्यानंतर ती थोड्याच वेळात बुडाली.

होड्यांत आणि तराफ्यांवर वाचलेले लोक दोन दिवस वाहत राहिले. 'बर्मिंगहॅम' ही ब्रिटिश क्रूझर आणि 'कार्थेज' हे जहाज यांनी मिळून ६७८ माणसे उचलून घेतली. २७ नोव्हेंबरला 'बर्मिंगहॅम' त्यांना घेऊन मुंबईच्या बंदरात आली. ज्या धक्क्यावरून आठवड्यापूर्वी आप्तांना निरोप दिला होता, तेथेच लोक आता आपली माणसे शोधू लागले. २८० माणसे परत आली नाहीत. त्यांपैकी २५२ उतारू होते आणि २८ खलाशी.

हे कृत्य त्या युद्धात अपवादात्मक होते काय? तसे म्हणता येणार नाही. व्यापारी जहाज बुडविण्यापूर्वी त्यावरील उतारूंना व खलाशांना सुरक्षित जागी पोहोचविले पाहिजे, असा नियम १९३६ च्या लंडन येथील मसुद्याने घातला होता. त्यावर जपानची सही होती आणि तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारचीही होती. परंतु युद्ध पेटल्यावर जर्मनीने तो पाळला नाही, जपानने पाळला नाही, आणि पर्ल हार्बरच्या दिवशीच अमेरिकेनेही जपानी जहाजांविरुद्ध अनिर्बंध पाणबुडी-युद्धाची आज्ञा दिली. 'तिलावा'वर बचावासाठी तोफ होती, तळाशी सरकारी चांदी होती, ध्वज ब्रिटिशांचा होता. कप्तान इझूंनी परिदर्शकातून पाहिले असेल ते शत्रूचे एक मोठे जहाज. त्याच्या आत निजलेली माणसे हिंदी आहेत, आणि ज्या साम्राज्याशी जपान लढत आहे त्या साम्राज्याची ती माणसे अंकित आहेत, हा विचार परिदर्शकातून दिसण्यासारखा नव्हता. दुसरा पाणतीर मात्र मला नेहमी अस्वस्थ करतो. जखमी बोटीला पूर्णपणे बुडविण्यासाठी दुसरा पाणतीर मारावा, ही पाणबुडीची नित्याची रीत. पण त्या वेळी पाण्यात होड्या उतरलेल्या होत्या.

या घटनेनंतर पाच महिन्यांनी, त्याच पाणबुडीला, त्याच कप्तानाच्या हाताखाली, एक निराळे काम मिळाले.

सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याहून निसटले आणि एप्रिलमध्ये बर्लिनला पोहोचले. तेथे दोन वर्षे काढल्यावर, आपले काम पूर्वेकडे आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. प्रश्न जाण्याचा होता. जमिनीचा मार्ग बंद आणि आकाशमार्ग जपानला धोक्याचा वाटत होता. शेवटी ९ फेब्रुवारी १९४३ रोजी कीलच्या बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. तिच्यावर सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन हे दोघे होते. वर्नर मुसेनबेर्ग हे तिचे कप्तान. उत्तर अटलांटिकला वळसा घालून, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखालून ती हिंदी महासागरात आली. वाटेत १८ एप्रिलला तिने 'कॉर्बिस' हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडविले. प्रवासी नेत असतानाही युद्धनौका युद्धनौकाच राहते.

इकडे इ-२९ ५ एप्रिलला पेनांगहून निघाली. या खेपेस तिच्यावर पाणबुडी-दलाचे अधिकारी कॅप्टन तेराओका मासाओ हेही होते. जर्मनीला द्यावयाचे सामान म्हणून पाणतीर, इतर युद्धसाहित्य आणि बर्लिनमधील जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोने तिच्यात भरले होते. जर्मनीला जाणारे एमी तेत्सुशिरो आणि तोमोनागा हिदेओ हे दोन आरमारी अधिकारीही होते. असे सांगतात की, हिंदी पाहुणे येणार म्हणून पेनांगमध्ये मसाल्याचे जिन्नसही मुद्दाम खरेदी केले होते.

२६ एप्रिल रोजी मादागास्करच्या आग्नेयेस, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, दोन्ही पाणबुड्यांनी एकमेकींना गाठले. मघाशी मी डीझेल आणि बॅटरी यांची जी गोष्ट सांगितली, ती येथे उपयोगी पडते. पाण्याखाली राहून काहीच देता-घेता येत नाही. दोघींना पृष्ठभागावर, उघड्यावर, तास न् तास शेजारी शेजारी चालत राहणे भाग होते, आणि समुद्र तर खवळलेला. लाटा इतक्या मोठ्या होत्या की पहिल्या दिवशी काहीच करता आले नाही. या अवधीत एखादे टेहळणी विमान डोक्यावर आले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. अखेर २८ एप्रिलला सुभाषबाबू आणि आबिद हसन रबरी तराफ्यातून, लाटांनी भिजत, दोरखंडाच्या आधाराने इ-२९ वर पोहोचले. सोने आणि दोन जपानी अधिकारी उलट बाजूला गेले. यांपैकी तोमोनागा दोन वर्षांनी दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीतून जपानला परत येत असता जर्मनीने शरणागती पत्करली, आणि शत्रूच्या हाती सापडू नये म्हणून त्यांनी प्राणत्याग केला. दोन वेगवेगळ्या राष्ट्रांच्या पाणबुड्यांमध्ये मुलकी प्रवाशांची अशी अदलाबदल दुसऱ्या महायुद्धात आणखी कोठे झाल्याचे आढळत नाही.

जपानी पाणबुडी जर्मन पाणबुडीहून ऐसपैस होती. तेराओकांनी आपली खोली सुभाषबाबूंना दिली. पाहुण्यांसाठी मसालेदार जेवण शिजले. दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, जपानी सम्राटाचा जन्मदिवस होता, तो बोटीवर साजरा झाला. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बरोबर चार वर्षांपूर्वी, २९ एप्रिल १९३९ रोजी, त्रिपुरीत सुरू झालेल्या वादाची परिणती म्हणून सुभाषबाबूंनी कलकत्त्यात काँग्रेसच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला होता.

मे १९४३ च्या आरंभी इ-२९ ने त्यांना सुमात्राच्या टोकाशी असलेल्या साबांग बेटावर उतरविले. तेथून ते विमानाने टोकियोला गेले. जुलैच्या प्रारंभी सिंगापूरला येऊन त्यांनी रासबिहारी बोस यांच्याकडून चळवळीची सूत्रे घेतली. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले आझाद हिंद सेनेच्या अग्रभागी होतेच. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली. पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तिचे पडसाद शेवटी या शहरातही उमटले. २७ फेब्रुवारी १९४६ रोजी जबलपूरच्या सिग्नल प्रशिक्षण केंद्रातील हिंदी सैनिक बराकी सोडून बाहेर पडले, तेव्हा मुंबईच्या नाविकांचे बंड आणि आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले या दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात ताज्या होत्या.

ज्या पाणबुडीने 'तिलावा' बुडविली तिच्यातून सुभाषबाबू आले, या वस्तुस्थितीचा उपयोग काही जण त्यांच्यावर दोष ठेवण्यासाठी करतील. तो युक्तिवाद मला पटत नाही. पारतंत्र्यातील देशाच्या नेत्याला वाहन निवडण्याची मुभा नसते. जे मिळेल त्यातून जावे लागते, आणि पाणबुडीचा मागील सहा महिन्यांचा हिशेब प्रवाशासमोर कोणी मांडत नसतो. परंतु याची दुसरी बाजूही आहे. आपल्या पुस्तकांतून या पाणबुडीचे वर्णन जणू एखाद्या विश्वासू तारवासारखे केले जाते, तेही खरे नाही. जपानी आरमाराने तिला हिंदी महासागरात ठेवले होते ते मुंबईची जहाजे बुडविण्यासाठी. सुभाषबाबूंना आणून सोडल्यावर ती पुन्हा त्याच कामाला लागली. १२ जुलै १९४३ रोजी तिने मोगल लाईन कंपनीची 'रहमानी' ही उतारूंची बोट अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडविली. त्याच दिवसांत सुभाषबाबू सिंगापुरात सैनिकांसमोर भाषणे देत होते. पारतंत्र्याचा हाच खरा पेच होता. एका साम्राज्याच्या बोटीवर आपली माणसे बुडत होती आणि दुसऱ्या साम्राज्याच्या बोटीतून आपला नेता येत होता. दोन्ही बोटींचे सुकाणू आपल्या हाती नव्हते. चरित्रकाराने यांपैकी एकच गोष्ट सांगून थांबू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

पाणबुडीचा उरलेला वृत्तांत थोडक्यात सांगतो. १९४३ च्या ऑक्टोबरात इझूंच्या जागी किनाशी ताकाकाझू हे कप्तान आले. यांनीच पूर्वी इ-१९ वर असताना, १५ सप्टेंबर १९४२ रोजी, एकाच वेळी सोडलेल्या सहा पाणतीरांनी 'वॉस्प' हे अमेरिकन विमानवाहू जहाज बुडविले होते आणि आणखी दोन जहाजांना जायबंदी केले होते. आता इ-२९ ला थेट युरोपला जाण्याची आज्ञा झाली. दोन मित्रराष्ट्रांतील सागरी मार्ग तुटल्यामुळे जपानने रबर, कथील, टंगस्टन असा कच्चा माल द्यावा आणि जर्मनीने यंत्रे व आराखडे द्यावेत, अशी ही देवघेव पाणबुड्यांतून चाले. जपानहून अशा पाच पाणबुड्या निघाल्या. जाऊन सुखरूप परत मायदेशी पोहोचली ती फक्त इ-८.

इ-२९ १९४३ च्या डिसेंबरात सिंगापूरहून निघाली आणि ११ मार्च १९४४ रोजी फ्रान्समधील लोरिआँ बंदरात शिरली. महिनाभराने, १६ एप्रिलला, ती परत फिरली. या वेळी तिच्यात जर्मनीच्या अगदी नव्या शोधांचे साहित्य होते. रॉकेटवर चालणाऱ्या आणि जेट एंजिनावर चालणाऱ्या विमानांचे आराखडे, त्यांच्या एंजिनांचे नमुने, रडारची यंत्रे, सांकेतिक लिपीची यंत्रे आणि ती विद्या शिकून आलेले जपानी तज्ज्ञ. तीन महिन्यांचा प्रवास करून १४ जुलैला ती सिंगापूरला पोहोचली. तेथे इवाया एइची हे तंत्रज्ञ अधिकारी काही मोजके आराखडे घेऊन उतरले आणि विमानाने पुढे गेले. घाई केली म्हणून ते वाचले, आणि आराखडेही. जपानचे पहिले जेट विमान ७ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमाच्या दुसऱ्या दिवशी, आकाशात चढले. त्यामागे हेच थोडेसे कागद होते.

इ-२९ २२ जुलैला सिंगापूरहून जपानकडे निघाली. तिच्या मार्गासंबंधीचे सांकेतिक संदेश अमेरिकनांनी उलगडले होते. लुझॉनच्या उत्तरेस बालिन्तांगच्या सामुद्रधुनीत 'सॉफिश', 'टाइलफिश' आणि 'रॉक' या तीन अमेरिकन पाणबुड्या तिची वाट पाहत बसल्या. २६ जुलै १९४४ च्या संध्याकाळी पाचच्या सुमारास ती दिसली. ती पृष्ठभागावरून, डीझेलवर, ताशी सतरा मैलांच्या वेगाने चालली होती. मायदेश जवळ आला होता आणि पाण्याखालून तीन मैलांच्या वेगाने जाण्यात दिवस मोडले असते. 'सॉफिश'ने चार पाणतीर सोडले. त्यांतील तीन लागले आणि ती क्षणात बुडाली. तिच्यावरील तीन माणसे समुद्रात फेकली गेली. त्यांपैकी एकच पोहत फिलिपाइन्सच्या एका लहान बेटावर पोहोचला आणि त्याच्यामुळेच जपानला ही वार्ता कळली. कप्तान किनाशींना मरणोत्तर दोन पायऱ्यांची बढती देऊन रिअर ॲडमिरल करण्यात आले. पुढच्याच महिन्यात बिस्केच्या उपसागरात यू-१८० ही सर्व खलाशांसह नाहीशी झाली.

'तिलावा'ची हकीकत मात्र तेथे संपत नाही. तिच्या तळाशी २,३६४ चांदीच्या लगडी होत्या, सुमारे साठ टन. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडण्यासाठी त्या विकत घेतल्या होत्या. समुद्र तेथे अडीच किलोमीटर खोल आहे. २०१७ साली एका ब्रिटिश कंपनीने यंत्रे लावून ती चांदी वर काढली आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टन बंदरात नेली. मग चांदी कोणाची आणि ती काढण्याचा मोबदला द्यावयाचा की नाही, यावर दावा लागला. खालच्या दोन न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि सार्वभौम राज्य म्हणून दक्षिण आफ्रिकेवर हा दावा चालू शकत नाही, असा निर्णय दिला.

बुडालेल्या माणसांची आठवण करण्यासाठी मुंबईत सभा भरली ती २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी. वाचलेल्यांपैकी जे त्या वेळी लहान मुले होती, त्यांतील काही तेव्हा हयात होती.